अंड्यातला कान: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सी करून मी अंतर्कर्णाच्या विकासावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा जनुकांची नावं तोंडपाठ होती. कोंबडीचा भ्रूण मात्र कधी हातात घेतला नव्हता. तुम्ही आधी महिनाभर नुसती अंडी उघडा. 38 अंशांवर अडीच दिवस उबवलं, की मागच्या मेंदूशेजारी कानाची वाटी मिटत आलेली दिसते. वय तासांवरून ठरवू नका. एकाच ट्रेमधली अंडी मागेपुढे असतात, म्हणून तर भ्रूणशास्त्रज्ञ हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी 1951 साली मांडलेले कोंबडीच्या भ्रूणवाढीचे 46 टप्पे आजही वापरतात. सोमाइटच्या, म्हणजे पाठीच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या पेशींच्या ठोकळ्यांच्या, जोड्या मोजायची सवय लावून घ्या.

मग खरा प्रश्न. कानात तोल सांभाळणारे आणि ऐकणारे संवेदी ठिपके वेगवेगळे असतात, पण त्यांतले बरेचसे सुरुवातीच्या एकाच पट्ट्यातून निघतात. पट्ट्यातल्या पेशींत सॉक्स2 हे प्रथिन असतं. पृष्ठभागावर जॅग1 हे प्रथिन असलेली पेशी शेजारच्या पेशीवरचा नॉच हा संदेशग्राही जागा करते, मग शेजारीणही जॅग1 बनवू लागते. संवेदी ओळख अशी पेशीगणिक पुढे सरकते. तिला अडवतं एलएमएक्स1ए हे प्रथिन. ठिपक्यांच्या मधल्या पेशी सॉक्स2 सोडतात आणि एलएमएक्स1ए धरतात. ड्रेहर नावाच्या उत्परिवर्ती उंदरांत त्याचं जनुक बिघडलेलं असतं. त्यांचे ठिपके नीट सुटे होत नाहीत, आणि ते उंदीर गोल गोल फिरत राहतात. सीमेवरच्या पेशी आकारही बदलतात, रांगेत येतात. त्यामागे अ‍ॅक्टिन-मायोसिन या पेशीतल्या आकुंचन पावणाऱ्या प्रथिनांचा ताण असतो.

माझी चूक इथेच झाली. सूक्ष्मदर्शकातल्या चित्राचा सॉफ्टवेअरमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून मी सुरेख, सुरीने कापल्यासारखी सीमा दाखवली. सरांनी मूळ फाइल उघडायला सांगितली. तिच्यात रेघ नव्हतीच! सॉक्स2 आणि एलएमएक्स1ए दोन्ही थोडी थोडी असलेल्या पेशींचा धूसर पट्टा होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने पुसला होता. त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं. तेव्हापासून मूळ चित्र शेजारी ठेवल्याशिवाय मी कुठलंही चित्र बदलत नाही, आणि तुम्हीही बदलू नका.

पुढचे चार महिने मी त्या धूसर पट्ट्यातल्या पेशीच मोजल्या, टप्प्यामागून टप्पा. लहान भ्रूणात त्या पुष्कळ, मोठ्यात विरळ. प्रबंधातला पहिला तक्ता तोच.