सर्व्हेला पहिल्यांदा फिल्डवर जाताय? फॉर्म कुणाचा आणि उत्तर कुणाचं ते बघा

एमए करताना मी पहिल्यांदा सर्व्हेला गेले, लातूरकडच्या एका गावात. सॅम्पल, प्रश्नावली हे सगळं ट्रेनिंगमध्ये सांगतातच, मला जे महागात पडलं तेवढंच सांगते.

मतदार यादीतून नावं काढून दिलेली असतात. माझ्या यादीत एका घरची सून होती, वय २६. सासरे ओट्यावरच बसलेले, म्हणाले, "तिला काय कळतंय मॅडम, मी सांगतो, लिहा तुम्ही." ऊन मी म्हणत होतं, अजून चार घरं राहिली होती, मी लिहिलं. नाव तिचं, वय तिचं, उत्तरं सगळी सासऱ्यांची. संध्याकाळी सुपरवायझर बॅकचेकला, म्हणजे फॉर्म खरे भरलेत का ते घरी जाऊन तपासायला, गेले तर ती म्हणाली, मला कुणी काही विचारलंच नाही. त्या दिवसाचे माझे सहाही फॉर्म बाद. रात्री खूप रडले, पण सर बरोबर होते. जो सुपरवायझर फिल्डवर फिरकतच नाही त्याच्या हाताखाली काम घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

तर, यादीत ज्याचं नाव त्याचंच उत्तर. घरी नसेल तर परत जा, संध्याकाळी जा, शेतात जा, पण "ते नाहीत तर हे चालतील" अजिबात करू नका, कारण दुपारी दारात सापडतात म्हातारी माणसं, मजूर कामावर असतात, बाया रानात, आणि मग गावाचं मत म्हणून ओट्यावरचं मत छापून येतं. १९३६ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडे २० लाखांच्या वर उत्तरं आली होती, तरी ते लँडन जिंकणार म्हणाले आणि रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. यादीच मुळात गाडी-टेलिफोनवाल्यांची, म्हणजे त्या काळच्या पैसेवाल्यांची. म्हणून व्हॉट्सॲपवर गुगल फॉर्म फिरवून हजारो उत्तरं आणणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

दुसरं, कसं विचारताय. लोकनीती या निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या सर्व्हेत मत कुणाला दिलं ते तोंडी विचारत नाहीत, नकली मतपत्रिका देतात आणि ती माणूस स्वतः पेटीत टाकतो. आयएचडीएस (इंडिया ह्युमन डेव्हलपमेंट सर्व्हे) या देशभरातल्या घरांच्या २०११-१२ च्या सर्व्हेत आधी विचारलं, घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, दलित माणूस स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली तर चालेल का. दोन्ही मिळून साधारण २७ टक्के घरं पाळणारी निघाली. पहिल्या प्रश्नावर थांबले असते तर आकडा कमीच दिसला असता.

पहिल्या दिवशी तीनच फॉर्म झाले तरी घाबरू नका, हळूहळू जमतं, खरंच जमतं. "सांगता येत नाही" म्हणाले तर तेच लिहा, ओढूनताणून उत्तर काढू नका.

मी दुसऱ्या दिवशी परत गेले, तिच्याकडे पाणी मागितलं आणि मागच्या दारी तिच्याजवळच बसले. गावातली सगळ्यात मोठी अडचण म्हणून सासऱ्यांनी सोयाबीनचा भाव सांगितला होता. ती म्हणाली, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि हंडे मीच भरते. प्रत्येक उत्तराआधी दाराकडे बघायची. फॉर्म संपल्यावर पदराला हात पुसत तिनं विचारलं, "ताई, यादीत माझंच नाव कसं काय आलं?"