ज्वारीचा बुध, डाळिंबाचा गुरू

"बाई, बुध कोंबडीनं खाल्ला की ओ!"

पाचवीतला पोरगा गल्लीच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. चूक माझीच. सूर्यमाला लहान करून गल्लीत मांडत होतो आणि बुध म्हणून ज्वारीचा दाणा नुसता दगडावर ठेवायला सांगितला होता. तेव्हापासून लहान ग्रह मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवूनच घराबाहेर काढते. तुम्हीही आदल्या रात्रीच चिकटवून ठेवा, सकाळपर्यंत वाळतात.

मी सोलापूरच्या पूर्व भागात चौथी ते सातवीच्या मुलांची शिकवणी घेते. बाहेर यंत्रमागांची खटखट, आत पंधरा-सोळा पोरं. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. पूर्वी ग्रह शिकवायचे म्हणजे भिंतीवर तक्ता लावायचा, एवढंच मलाही माहीत होतं. तक्त्यात आठही ग्रह प्रार्थनेच्या रांगेत उभे राहावेत तसे खेटून. मुलं नावं पाठ करायची, चाचणीत लिहायची, मार्क मिळायचे. मग एकीने विचारलं, "गुरू आपल्यापेक्षा एवढा मोठा, अन् शेजारीच हाय, तर मग आभाळात चांदणीएवढाच का दिसतो?" तिला खरं उत्तर द्यायचं तर आधी तक्ता खाली उतरवायला हवा होता.

म्हणून आता सुरुवात सूर्यापासून. भिंतीत खिळा ठोका, त्याला ५० सेंटिमीटर दोरी बांधा, दुसऱ्या टोकाला खडू धरून गोल फिरवा आणि आत गेरू भरा. हा एक मीटरचा सूर्य. खरा सूर्य १३ लाख ९२ हजार किलोमीटर रुंद आहे. तेवढं आपण एक मीटर धरलं, की बाकी सगळं त्याच मापाने लहान करायचं. मुलांना सूत्र सांगत बसू नका, दुपारी किराणा दुकानात आणि मंडईत घेऊन जा.

बुधाला ज्वारीचा बारीक दाणा, साडेतीन मिलिमीटरचा. मंगळ तुरीचा दाणा. पृथ्वी आणि शुक्र दोघांनाही काबुली हरभरा. शुक्र थोडासाच लहान, पण दाणे निवडताना यावर भांडणं होतात, होऊ द्या. चंद्र बाजरीचा. गुरूला दहा सेंटिमीटरचं भलंमोठं डाळिंब लागतं, शनीला त्याहून थोडं लहान. डाळिंबाला आपल्याकडे काय तोटा! युरेनस आणि नेपच्यून ही दोन लिंबं. शनीची कडी शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापा: बाहेरून २० सेंटिमीटर, आतून साडेदहा-अकरा. कडं डाळिंबाला टेकता कामा नये, तीन काड्या टोचून अधांतरी बसवायचं.

हे झालं की एक खेळ. सूर्याच्या मधोमध आडवी रेघ मारा, तिच्याखाली जमिनीवर तेवढीच रेघ काढा आणि काबुली हरभरे एकाला एक चिकटून मांडायला लावा. सूर्याच्या रुंदीत १०९ पृथ्व्या बसतात. आमचे ११४ बसले, कारण दुकानदाराने बारीक माल दिला होता. मोजणी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा एकीने दहा-दहाचे गट केले. पुस्तकातला १०९ मी नंतर सांगितला. तोवर गुडघ्यांवर रांगून मोजलेला आकडा पोरांचा स्वतःचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला चालायला निघा. रविवार बरा. एप्रिल-मेमध्ये आठनंतर सोलापुरात भिंतीवरच्या सूर्याकडे कुणी बघत नाही, खराच पुरे होतो. निघण्याआधी हरभरा एका मुलाच्या हातात द्या आणि विचारा, "पृथ्वी कुठं ठेवशील?" आमच्याकडे सगळ्यांनी सूर्यापासून दोन-तीन हातांवर बोट दाखवलं. मग टेप लावून दहा मीटर मोजा, त्यात मुलाची किती पावलं होतात ते बघा आणि पुढे पावलांनीच मोजा. बुध ४२ मीटरवर. शुक्र ७८. पृथ्वी १०७. मंगळ १६४, म्हणजे आमची गल्ली तिथंच संपते.

पृथ्वीपाशी सगळ्यांना थांबवा आणि मागे वळून भिंतीवरचा सूर्य बघायला सांगा. हात लांब करून करंगळी धरली तर तो तिच्यामागे लपतो. या मापात तो आभाळातल्या सूर्याएवढाच दिसतो. खऱ्या सूर्याकडे बघून ताडून पाहायचं नाही, हे दटावून सांगा. पौर्णिमेचा चंद्र जवळपास तेवढाच दिसतो, करंगळी त्याला लावून बघायची. बाजरीचा चंद्र हरभऱ्यापासून २८ सेंटिमीटरवर ठेवायचा. "म्हंजे चांद्रयान एवढंच गेलं?" असा प्रश्न येतोच. हो, माणसाने पाठवलेलं चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं ते या बाजरीवर. मंगळयान मात्र त्या तुरीच्या दाण्यापर्यंत गेलं. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. या मापात प्रकाश सेकंदाला साडेएकवीस सेंटिमीटर जातो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं पाऊल साधारण तेवढंच असतं. एका मुलीला सूर्यापाशी उभी करा. टाचेला चवडा लावत, सेकंदाला एक पाऊल टाकत तिने पृथ्वीपर्यंत यायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवत सेकंद मोजायचे. आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. पहिलं मिनिट हसण्यात जातं. तिसऱ्या मिनिटाला पोरं "पळ की गं!" म्हणून ओरडायला लागतात. पळता येत नाही, तोच नियम. पाचव्याला कुणीतरी डोक्याला हात लावून खाली बसतं. हे मधेच थांबवू नका, कंटाळा येऊ द्या. प्रकाशाला सूर्यापासून इथवर यायला आठ मिनिटं लागतात, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्या दिवशी घामाघूम होऊन हरभऱ्यापाशी पोचलेली पोरगी म्हणाली, "आता दिसतोय तो सूर्य आठ मिनटांमागचा हाय ना, बाई?" फळ्यावरून हा प्रश्न कधीच आला नव्हता.

नवग्रहांचा प्रश्नही येईल, टाळू नका. आजी वास्तुशांतीत नऊ सुपाऱ्या मांडते, पुस्तक आठ म्हणतं. जुन्या नवांत सूर्य-चंद्र धरले आहेत. राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू, ग्रहणाचा हिशेब त्यांच्यावर चालतो. पृथ्वी त्यात नाही, कारण आपण तिच्यावरच उभे. युरेनस १७८१ मध्ये आणि नेपच्यून १८४६ मध्ये दुर्बिणीने सापडला. प्लूटो २००६ पर्यंत यादीत होता. साडेसातीचं नाव निघालं की मुलं गप्प होतात. तिथे भागाकार करायला लावा. शनीला एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं, राशी बारा, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच. तीन राशींचे साडेसात. गणित सुटलं की चेहरे सैलावतात.

गुरू ५६० मीटरवर आणि शनी १ किलोमीटर ३० मीटरवर, म्हणजे रस्ता ओलांडावा लागतो. दोन पालक सोबत घ्या. मुलांना शनीच्या पुढे चालवत नेऊ नका. तिथेच दोन्ही डाळिंबं फोडून वाटायची. कडी कुणाला हवी यावरून पुन्हा भांडण.

राहिलेली दोन लिंबं मी स्कूटीवर नेते, मागे एक जण मीटर वाचायला. युरेनस दोन किलोमीटरवर चौकात येतो. तिथे रस्त्याकडेला लिंबू ठेवून आम्ही फोटो काढेपर्यंत दोन माणसं आणि एक रिक्षा त्याला वळसा घालून गेली. नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर, नेमका माझ्या मावशीच्या दारात. तिने दार उघडलं, उंबऱ्यावरचं लिंबू बघितलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आज अमावस्या हाय व्हय गं?"