एसीची घरघर कशी थांबवाल?

घरघर बहुतेकदा बाहेरच्या युनिटची असते. स्टँडचे नट सैल होतात, नाहीतर पायांखालचे रबर कडक होऊन थरथर थेट भिंतीत उतरते. मेन स्विच बंद करून नट आवळा आणि चारही रबर एकदमच बदला. एकच बदललात तर युनिट तिरके बसते. तांब्याचा पाइप पत्र्याला घासत असेल तर मध्ये फोम घाला. पाइप वाकवायला मात्र जाऊ नका, चिरला तर गॅस गळेल.

आत शिट्टीसारखा आवाज येतोय? आधी फिल्टर धुवा. ब्लोअरच्या पात्यांवर धूळ कमीजास्त साचली की तोल जाऊन धडधड होते. बंद केल्यावरची टकटक तापमान बदलल्याने प्लास्टिक प्रसरण पावल्याची, तिच्याकडे दुर्लक्ष करा. कॉम्प्रेसर खडखडला तर मेकॅनिकच हवा.