जपानी नक्षीदार चहाची भांडी वापरताना या चुका टाळा

जपानहून परतताना कुणीतरी नक्षीदार किटली आणतं. महिनाभर ती शोकेसमध्ये मिरवते. मग एखाद्या रविवारी तिच्यात आलं घातलेला दुधाचा चहा ओतला जातो आणि तोटी तुंबते. बाजूला दांडा असलेल्या या किटलीला क्यूसू म्हणतात. पुष्कळ क्यूसूंमध्ये तोटीच्या मुळाशी मातीचीच बारीक भोकांची जाळी असते. ती फक्त हिरव्या चहाची पानं अडवण्यापुरती. दुधाची साय आणि आल्याचा चोथा तिथे अडकला की मऊ ब्रश घेऊन बसावं लागतं.

पण खरी गल्लत त्याआधीच झालेली असते. आपण अशा सगळ्या भांड्यांना सरसकट ‘चिनीमाती’ म्हणतो. जपानमधल्या आरिता गावची भांडी (इमारी बंदरातून जायची म्हणून ‘इमारी’ हे नाव पडलं) आणि इशिकावा भागातली कुतानी ही बहुतेक पोर्सेलिनची, म्हणजे पाणी न पिणारी. हागी, राकू या प्रकारची भांडी मात्र सच्छिद्र मातीची. माठ घेताना आपण टिचकी मारतो, तशीच इथेही मारून पाहा. पोर्सेलिन टणकन वाजतं, मऊ माती ठक्क करते. खात्री हवी असेल तर भांडं उपडं करून बुडाच्या झिलई नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. जिरला, तर जपून.

हागीच्या वाडग्यात महिन्याभरात तपकिरी रेषा उमटल्या की लोक घाबरून ब्लीच ओततात. कृपा करून हे करू नका. झिलईतल्या बारीक भेगांमधून चहा आत मुरतो आणि वर्षानुवर्षं वाडग्याचा रंग पालटत जातो. जपानी लोक याला ‘हागीची सात रूपं’ म्हणतात आणि त्यासाठीच हागी घेतात. ब्लीच आत जिरलं, तर त्याचा वास मात्र चहाला येत राहतो.

वाडग्यातून पाणी पाझरत असेल तर उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे: तांदळाचं धुवण. पातेल्यात थंड धुवणात वाडगा बुडवा, मंद आचेवर हळूहळू तापवा, थोडा वेळ उकळू द्या आणि त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्या. पिठूळपणाने छिद्रं भरतात. राकूला मात्र हा प्रयोग नको, ती फार नाजूक. दर वेळी वापरण्याआधी वाडगा कोमट पाण्यात बुडवून काढा, म्हणजे चहाऐवजी आधी पाणी मुरेल. धुतल्यावर दोन-तीन दिवस उघड्यावर वाळवा. कोकणातल्या पावसाळ्यात तर आठवडाही कमीच. ओलं भांडं कपाटात गेलं की बुरशी ठरलेली.

आता नक्षीकडे. निळं चित्र बहुतेकदा झिलईच्या खाली असतं, ते सहसा झिजत नाही. कुतानीचे हिरवा, पिवळा, जांभळा, गडद निळा आणि लाल हे पाच रंग मात्र झिलईच्या वर असतात. भांडं सुमारे 1300 अंशांना भाजून झाल्यावर त्यावर रंगवतात आणि मग 800 अंशांच्या आसपास पुन्हा भाजतात. बोट फिरवलं की उंचवटा लागतो. सोनं तर त्याहूनही नाजूक. तारेची घासणी, चिंच, लिंबू, डिशवॉशर सगळं वर्ज्य. मायक्रोवेव्हचं मी स्वतः करून पाहिलंय: सोनेरी काठाचा पेला, अर्धं मिनिट, आणि आत दिवाळी. काठ काळा पडला तो कायमचा. फार जुन्या भांड्यांच्या रंगांत शिसं असू शकतं, ती शोभेलाच ठेवा.

चहा कडू होतो, ही तक्रार पानांची कमी आणि पाण्याची जास्त. सेंचाला (रोजचा हिरवा चहा) 70 ते 80 अंशांचं पाणी लागतं, ग्योकुरोला (सावलीत वाढवलेला हिरवा चहा) 50 ते 60. होजिचाला (भाजलेला चहा) कडकडीत चालतं. संचातला तो उघडा, चोचीचा मग दुधासाठी नाही. उकळतं पाणी निववायचं ते भांडं, युझामाशी. आणि क्यूसूतला शेवटचा थेंबही ओतून काढा, नाहीतर उरलेल्या पाण्यात पानं कडू होत बसतात. क्यूसू गॅसवर ठेवू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

धार नीट पडत नाही? झाकणाचं भोक बोटाने दाबलं गेलंय का पाहा. ते तोटीच्या बाजूला असावं. तोटीच्या टोकाला प्लॅस्टिकची नळी असेल, तर ती फक्त वाहतुकीत टोक फुटू नये म्हणून बसवलेली असते. वर्षानुवर्षं ती तशीच ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. काढा, आत काळा राप सापडेल.

माचाच्या, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीच्या, वाडग्याला ‘समोरची बाजू’ असते. यजमान ती पाहुण्याकडे करून ठेवतो, आणि पाहुणा तिथेच ओठ लागू नयेत म्हणून वाडगा थोडा फिरवून पितो. पसरट वाडगा उन्हाळ्याचा, खोल हिवाळ्याचा.

फुटलंच तर दुकानातला गोंद आणि सोनेरी पावडर म्हणजे किंत्सुगी (फुटलेलं भांडं सोन्याने सांधण्याची जपानी कला) नव्हे. खरी किंत्सुगी झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या उरुशी लाखेने होते, ती वाळायला काही आठवडे लागतात, आणि कच्ची लाख अंगाला लागली तर पुरळ उठतं. गोंदाने सांधलेल्या भांड्यात चहा पिऊ नका.

शेवटचं, भांड्यासोबत आलेली लाकडी पेटी अडगळ म्हणून टाकू नका. झाकणावर बहुधा कुंभाराची सही असते. तिच्याशिवाय चांगल्या वाडग्याची किंमत बरीच उतरते.