गावातल्या छोट्या दवाखान्यामागची कागदांची कटकट कशी कमी करायची

आधी एक बघा, तुमच्याकडे खाट आहे की नाही? नर्सिंग होम नोंदणीचा 1949 चा कायदा पेशंट भरती करून घेणाऱ्या जागेसाठी आहे, नुसती ओपीडी असेल तर उगाच त्याचा फॉर्म भरत बसू नका. जैववैद्यकीय कचऱ्याचे (म्हणजे दवाखान्यातल्या सुया, पट्ट्या वगैरेंचे) 2016 चे नियम मात्र खाट नसली तरी लागतात, पण खाट नसेल तर प्रदूषण मंडळाची मंजुरी एकदाच घ्यायची, दरवर्षी नाही. आमच्याकडे हे कुणालाच माहीत नव्हतं, दोन वर्षं रत्नागिरीच्या फुकट चकरा झाल्या ना! वार्षिक रिपोर्ट तेवढा 30 जूनच्या आत टाका.

खरी पंचाईत पावसात. पिवळ्या पिशवीतला (रक्त लागलेला कापूस, पट्ट्या असा) कचरा 48 तासांच्या वर ठेवायचा नाही असा नियम, आणि इकडे घाटात दरड आली की कचरा नेणारी गाडीच येत नाही, पिशवी मागच्या पडवीत पडून, वास सुटतो, कुत्री घुटमळतात. पण घाबरू नका, त्याच नियमात लिहिलंय की उशीर होणार असेल तर लोकांच्या आरोग्याला आणि परिसराला त्रास होणार नाही असा ठेवा आणि प्रदूषण मंडळाला कारणासकट कळवा. म्हणून त्याच दिवशी ईमेल टाका, बंद रस्त्याचा फोटो जोडा, रजिस्टरात तारीख-वेळ लिहा.

सवलत मागायची तर ग्रामसभेत ठराव घ्या, पण 'नियम शिथिल करा' असं मोघम नको, कुठला नियम, कुठल्या महिन्यात, किती दिवस गाडी आली नाही ते लिहा. पोच शिक्क्यासकट घ्या. उत्तर नाहीच आलं तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, 30 दिवस मुदत.