नॉर्वेला एकट्याने जाताय? या चुका टाळा

पुण्यात माझ्याकडे कोणी वारज्याहून येतं, कोणी बाणेरहून. लॅपटॉप उघडतात, नॉर्वेचा प्लॅन दाखवतात आणि विचारतात, "काकू, एकदा नजर टाका ना." बहुतेक जण पहिल्यांदाच एकटे निघालेले असतात. माणसं निराळी, पण चुका त्याच त्याच. देश सुरक्षित आहे, मग काय होणार, असं प्रत्येकाच्या मनात पक्कं बसलेलं असतं. रात्री अकरा वाजता बर्गनच्या रस्त्यावरून एकटी बाई निर्धास्त चालत जाते, हे अगदी खरं. माणसांची भीती तिथे फारच कमी. गाठ पडते ती हवेशी आणि अंतरांशी. चौघांच्या ग्रुपमध्ये एखादी चूक खपून जाते, एकट्याला तिची किंमत पूर्ण मोजावी लागते.

सुट्टी आधी, महिना नंतर

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघते. रजा मिळाली मे महिन्यात, म्हणून विमानाची तिकिटं मे महिन्याची. मग विचार येतो की काय बघायचं, आणि उत्तर ठरलेलं: नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशात हलणारा तो रंगीत प्रकाश.

सहकारनगरच्या एक शिक्षिका असंच सगळं बुक करून माझ्याकडे आल्या होत्या. मेचा शेवटचा आठवडा, ट्रॉम्सोला चार रात्री, हॉटेलचे पैसे परत न मिळणारे. ट्रॉम्सो 69 अंश उत्तरेला आहे. तिथे साधारण 20 मेपासून 22 जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही, आणि अंधारच नसेल तर नॉर्दर्न लाइट्स दिसणार कुठून? त्यांचा चेहरा उतरला. त्यासाठी सप्टेंबर ते मार्चअखेर जावं लागतं, आणि तेव्हाही आकाश मोकळं हवं. तिकिटं रद्द करण्यात अर्थ नव्हता, म्हणून आम्ही बसून त्या चार रात्रींचा हेतूच बदलला. मध्यरात्रीचा सूर्य बघायचा, रात्री उशिरा केबल कारने 421 मीटरवर स्टोरस्टाइनेनला जायचं, आणि खोलीत झोपायला डोळ्यांवर बांधायची पट्टी न्यायची. त्या खूश होऊन आल्या. पण नॉर्दर्न लाइट्ससाठी साठवलेल्या पैशांत त्यांना दुसरंच काहीतरी बघावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझा क्रम असा: काय बघायचं ते एकच ठरवा, त्यावरून महिना ठरवा, मग साहेबांकडे रजा मागा. मेमध्ये फ्योर्डचे, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांचे, धबधबे बर्फ वितळून भरलेले असतात, हार्डांगरला सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात, पण उंचावरच्या पायवाटा बर्फाखाली असतात. जून-जुलैत उजेड भरपूर, गर्दीही भरपूर. दिवाळीच्या सुट्टीत फ्योर्डकडे गेलात तर दिवस लहान, पाऊस, बोटींचं वेळापत्रक विरळ. मला विचाराल तर सप्टेंबरच. डोंगरातल्या वाटा उघड्या असतात, झाडं पिवळी-तांबडी होऊ लागतात, उत्तरेला रात्री पुन्हा अंधारायला लागतं. मात्र पुणेकर गणपती सोडून निघत नाही. मी म्हणते, विसर्जन करा आणि पुढच्या आठवड्यात निघा.

नऊ दिवसांत अख्खा नॉर्वे

ऑस्लो, बर्गन, फ्लोम, लोफोटेन बेटं, ट्रॉम्सो, सगळं नऊ दिवसांत. नकाशात देश अरुंद दिसतो, म्हणून लोक फसतात. ऑस्लोपासून ट्रॉम्सो रस्त्याने 1600 किलोमीटरच्या वर आहे. ट्रॉम्सोला रेल्वे जातच नाही, देशातून उत्तरेला जाणारा लोहमार्ग बोडोला संपतो. नार्विकला रेल्वे आहे, पण ती स्वीडनमधून येते. बोडोहून लोफोटेनच्या मोस्केनेसला जाणारी फेरी तीन-चार तास उघड्या समुद्रातून जाते, आणि वारा सुटला की रद्द होते. फेरी रद्द झाली की पुढची खोली, पुढची बस, पुढचं विमान सगळं घसरत जातं. दोघं असली तर एक जण फोनवर लागतो, दुसरा सामान सांभाळतो. एकट्याने दोन्ही करायचं, तेही पावसात बंदरावर उभं राहून.

पहिल्या वेळी उत्तर किंवा दक्षिण, एकच निवडा. दक्षिण निवडलीत तर ऑस्लो-बर्गन रेल्वे दिवसाउजेडी घ्या. जवळजवळ सात तास लागतात, वाटेत 1222 मीटरवर फिन्से स्टेशन लागतं, आणि ऐन उन्हाळ्यातही तिथे बर्फाचे पट्टे दिसतात. म्यूर्दालला उतरलात की फ्लोमची गाडी मिळते. ती वीस किलोमीटरमध्ये 866 मीटर खाली उतरून थेट फ्योर्डच्या काठाला येते. पुढे बोटीने नेरॉयफ्योर्ड. एवढ्यावर चार दिवस सुखाने जातात. आणि प्लॅनमध्ये एक दिवस कोरा ठेवा. "वाया जातो काकू तो दिवस" असं मला प्रत्येक जण सांगतो. मी ऐकत नाही.

"राजगड-तोरणा केलाय मी"

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या विषयाकडे येते. धनकवडीचा एक मुलगा आहे, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढणारा. तब्येत उत्तम, दम भरपूर. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो ट्रोलटुंगाला, म्हणजे कड्यातून हवेत पुढे आलेल्या दगडाच्या ट्रेकला, निघाला. शेग्गेदालपासून जाऊन-येऊन 27 किलोमीटर, दहा ते बारा तास. मी म्हटलं, पहाटे निघ, लोकरीचं घाल, आणि आदल्या दिवशी ओड्डाला, जवळच्या गावी, लवकर पोच. तो हसला. "काकू, राजगड-तोरणा केलाय मी. ही तर मळलेली वाट आहे."

झालं असं की तो आदल्या रात्री शेवटच्या बसने ओड्डाला पोचला, सकाळी उशिरा उठला आणि साडेनऊला चालायला लागला. अंगात कॉटनचा टी-शर्ट, खाली जीन्स, सॅकमध्ये प्लास्टिकचा रेनकोट. वर पोचेपर्यंत पाऊस सुरू झालेला. त्या दगडाच्या टोकावर फोटोसाठी रांग असते. त्या रांगेत तो भिजल्या कपड्यांनी वाऱ्यात उभा राहिला, कारण एवढं येऊन फोटो नाही म्हणजे काय! उतरताना अंधार पडला. थंडीने आणि व्हिडिओंनी फोनची बॅटरी संपलेली, टॉर्च फोनमध्येच. मागून दोन जर्मन बायका डोक्याला हेडलाइट लावून येत होत्या, त्यांनी त्याला मध्ये घेतलं. एकीने आपला जादाचा लोकरी स्वेटर दिला. त्याने मला नंतर सांगितलं की स्वेटरची चेन त्याला लावता येईना. बोटं वळतच नव्हती, तिनेच लहान मुलासारखी लावून दिली. खाली आला तेव्हा बस गेलेली. दुसरा दिवस हॉस्टेलमध्ये तापात, आणि त्याच दिवशीची बोट आणि रेल्वे दोन्ही बुडाली, कारण कोरा दिवस ठेवलेलाच नव्हता.

त्याच्या दमात काहीच कमी नव्हतं. सह्याद्रीचा पाऊस त्याच्या अंगवळणी पडलेला होता, गडबड तिथे झाली. लोहगडावर आपण जुलैत नखशिखांत भिजतो, खाली टपरीवर चहा आणि कांदाभजी खातो आणि अंगावरच कपडे वाळवत घरी येतो. आपला पाऊस उबदार असतो. तिथे आठ अंश, वारा आणि ओलं कॉटन एकत्र आलं की शरीरातली ऊब भराभर जाते. वाटेत ताकवाली मावशी नाही, पिठलं-भाकरी नाही, आडोशाला देऊळ नाही.

माझी पद्धत सांगते. आत पातळ मेरिनो लोकरीचा थर, मध्ये फ्लीस, वर खरं वॉटरप्रूफ जॅकेट आणि वॉटरप्रूफ पँटसुद्धा. डेकॅथलॉनमध्ये सगळं मिळतं, फक्त जॅकेट घेताना काटकसर करू नका. घरी शॉवरखाली उभं राहून ते तपासा. हेडलाइट वेगळा, पॉवर बँक मोज्यात गुंडाळून. आणि परत फिरायची वेळ आदल्या रात्री कागदावर लिहायची. ती झाली की टोक समोर दिसत असलं तरी वळायचं. नॉर्वेत डोंगराचे नऊ नियम लहान मुलांनाही शिकवतात, त्यातला आठवा हाच आहे: वेळेत परत फिरा, त्यात लाज नाही. पहिला नियम, कुठे जाताय ते कोणाला तरी सांगून निघा. एकट्यासाठी हा सगळ्यात मोठा. हॉस्टेलच्या काउंटरवर सांगा, घरी मेसेज टाका. उन्हाळ्यात पुणे साडेतीन तास पुढे असतं, म्हणजे आई जागी असतानाच तुमचा "पोचलो" येऊ शकतो.

पहिलाच डोंगर असेल तर ट्रोलटुंगा नकोच. स्टावांगरहून प्रेकेस्टोलेनच्या कड्यावर जा. जाऊन-येऊन आठ किलोमीटर, चार-पाच तास, आणि 604 मीटर खाली लिसेफ्योर्ड. दगडांच्या राशींवर लाल रंगात इंग्रजी टी काढलेला असतो, ती वाटेची खूण. धुक्यात पुढचा टी दिसेना झाला तर अंदाजाने पुढे जाऊ नका, मागच्या टीपाशी या.

व्हिसातले शॉर्टकट

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. "दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळाली, तिथून घेतो" हे धंदे नकोत. सीमेवर प्रश्न विचारतात, आणि तिथे एकटे तुम्हीच असता. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मी अडीच-तीन महिने धरते. विमा किमान 30,000 युरोचा लागतो, पण तो आकडा व्हिसापुरता आहे. एकटे डोंगरात जाणार असाल तर ट्रेकिंग आणि डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च धरलाय का, ते पॉलिसीत वाचा. एजंट "सगळं कव्हर आहे" म्हणाला, तरी वाचा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामांकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकू नका. स्टेटमेंटमध्ये ते लगेच दिसतं.

बाकीच्या चुका

हवामान नुसतं सकाळी बघणं. यर हे तिथल्या हवामान खात्याचं अॅप आहे, त्यात तासातासाचा वारा बघा. बस, रेल्वे, बोटींसाठी एंटूर. येल्प 113 (Hjelp 113) हे अॅप रुग्णवाहिकेला फोन लावताना तुमचं ठिकाणही पाठवतं. तिन्ही पुण्यातच टाकून ठेवा.

मोठी ट्रॉली बॅग. बोटीचे जिने आणि बसचे थांबे तिला मानवत नाहीत, आणि उचलायला दुसरं कोणी नसतं.

नोटांची थप्पी. सगळीकडे कार्ड चालतं. दोन कार्डं न्या, वेगवेगळ्या खिशांत.

पाण्याच्या बाटल्या विकत घेणं. नळाचं पाणी उत्तम असतं.

सकाळच्या विमानासाठी पुण्याहून मुंबईला ऐनवेळी निघणं. घाटात एक ट्रक बंद पडला की संपलं. मी आदल्या संध्याकाळीच निघते.

पेढे आणि साजूक तूप बॅगेत भरणं. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या न्या. हॉस्टेलला स्वयंपाकघर असतं, आणि रेमा किंवा किवी या किराणा दुकानांमधून तांदूळ, अंडी, भाज्या घेतल्या की बाहेरच्या एका जेवणाच्या पैशांत दोन दिवस निघतात. फक्त खरेदी शनिवारी उरका. रविवारी मोठी दुकानं बंद असतात.