स्पर्धेत सेलिब्रिटी दिसला की बिल कुणाच्या नावावर ते कसं ओळखायचं, आमच्या तालमीच्या वहीतली पद्धत

परवा कट्ट्यावर परत तेच भांडण. एक म्हणतोय वर्ल्ड कप, ऑलिम्पिकचा खर्च वाढतो तो ह्या हिरो-हिरोइनी नाचवायच्या नादात, दुसरा म्हणतोय छे मर्दा, यजमान देश मालामाल होतोय, आणि तिसऱ्याने मोबाईल काढून २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपचा खर्च 'कतार २२० बिलियन डॉलर' असा दाखवला तर सगळे गप्प, कारण २२० बिलियन म्हणजे नक्की किती हे एकालाही सांगता येईना. मी सहा वर्षं तालमीचा खजिनदार होतो, हिशोबाची खाज जात नाही, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं, म्हणजे पुढच्या वेळी लिंक टाकून मोकळं व्हायचं.

सुरुवात शून्यांपासून. एक बिलियन म्हणजे १०० कोटी, आपला एक अब्ज. डॉलर असेल तर आजच्या भावाने एक बिलियन डॉलर म्हणजे साधारण साडेआठ-नऊ हजार कोटी रुपये, एवढं पाठ केलं तरी निम्मी भांडणं मिटतात. २०२२ मध्ये डॉलर ८२ च्या आसपास होता, म्हणजे कतारचे २२० बिलियन झाले १८ लाख कोटी रुपये. त्या वर्षीचं आपलं केंद्र सरकारचं बजेट साडेएकोणचाळीस लाख कोटीचं होतं. म्हणजे अख्ख्या भारताच्या वर्षभराच्या खर्चाच्या निम्म्याच्या जवळ, आणि स्पर्धा किती दिवसांची तर एका महिन्याची. इथं डोकं फिरतं, आणि इथंच थांबून पुढचा प्रश्न विचारायचा असतो, की ह्यात काय काय धरलंय?

कारण ह्या आकड्यात राजधानी दोहाची मेट्रो आली, रस्ते आले, हॉटेलं आली, लुसैल नावाचं नवंकोरं शहर आलं. निव्वळ स्टेडियमचा आकडा साडेसहा बिलियनच्या आसपास सांगितला जातो, म्हणजे शंभरातले तीन रुपये. आता मेट्रो ही वर्ल्ड कपचा खर्च म्हणायची का शहराचा, ह्यावर तुम्ही रात्रभर भांडू शकता. माझी पद्धत अशी की वहीत चार खाती पाडायची: स्पर्धा चालवायचा खर्च, मैदानं, शहरातली कामं, आणि बंदोबस्त. कुणी एकच मोठा आकडा तोंडावर फेकला की विचारायचं, भावा ह्यातली कुठली खाती धरलीस? यजमान देशाला मिरवायचं असलं की शहरातली कामं आत धरतात आणि टीका व्हायला लागली की तीच बाहेर काढतात, सगळीकडे हाच धंदा. आपल्या दिल्लीच्या २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्सचं बघा, कॅगच्या (सरकारचा हिशोब तपासणारी संस्था) अहवालात अंदाज १२०० कोटींवरून सुमारे १८,५०० कोटींवर गेल्याचं लिहिलंय, आणि त्यात मेट्रो-एअरपोर्टवाल्यांची गुंतवणूक धरलेलीच नव्हती.

आता सेलिब्रिटीकडे. ह्याला मी जरा वेळ देणारे, कारण इथं मी स्वतः पोळलोय.

आमच्या पेठेत सेव्हन-अ-साइड फुटबॉल टुर्नामेंट व्हायची. एका वर्षी पोरांनी हट्ट धरला की फायनलच्या बक्षीस समारंभाला सिरियलमधली हिरोइन आणायची. मानधन ४० हजार. मी पहिल्यांदा नाहीच म्हटलं, पण एक बिल्डर म्हणाला पैसे मी देतो, फक्त स्टेजमागच्या बॅनरवर माझ्या स्कीमचं नाव मोठं टाका. मग काय, हो म्हटलं. फायनल साडेचारची, मॅडम पुण्याहून निघाल्या, कोल्हापुरात आल्यावर आधी अंबाबाईचं दर्शन पाहिजे म्हणाल्या, आता त्याला नाही कोण म्हणणार, दर्शनाला शनिवारची ही गर्दी, तिथून मैदानावर यायला सहा. तोवर दोन्ही टीम वॉर्म-अप करून करून दमल्या. सेकंड हाफ चालू झाला तेव्हा बॉल दिसेना, जनरेटर आणि हॅलोजन आयत्या वेळी आणले, त्याचे साडेसात हजार. शिवाय पब्लिक स्टेजवर चढायला लागलं म्हणून बाउन्सर चार, त्यांचे सहा हजार, गाडीचं डिझेल, ड्रायव्हर धरून पाच माणसांचं तांबडा-पांढऱ्याचं ताट, फेटा, शाल, कोल्हापुरी चप्पल (तीही दोनदा आणली, पहिली मापात बसली नाही). रात्री तालमीत वही मांडून बसलो तर मानधन बिल्डरच्या खात्यात आणि आमच्या खात्यात पाहुणीपायी २२ हजाराचा खड्डा. आणि दुसऱ्या दिवशी गावभर बोंब काय, तर 'मंडळानं हिरोइनीवर ४० हजार उडवले'. जे आम्ही दिले नाहीत त्याची बोंब, आणि जे दिले ते कुणाला दिसलंच नाही!

तेव्हापासून मोठ्या स्पर्धेत कुणी नट-नटी दिसली की मी पहिलं बघतो, ह्यांना आणलंय कुणी. २०२२ च्या फायनलला दीपिका पदुकोणने ट्रॉफी उघडली, आपल्याकडं लई कौतुक झालं, आणि कतारने तिला किती दिले ह्याच्या गप्पा सुरू. पण ट्रॉफी ज्या पेटीतून आली ती लुई व्हितॉंची, आणि दीपिका त्याच कंपनीची ब्रँड अँबेसेडर. आला का बिल्डर ध्यानात? २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला अमेरिकन रॅपर स्नूप डॉग रोज कुठल्या ना कुठल्या मॅचला दिसत होता, तो अमेरिकेच्या एनबीसी चॅनेलसाठी आलेला, फ्रान्सच्या तिजोरीचा काय संबंध. समारोपाला टॉम क्रूझ स्टेडियमच्या छतावरून खाली आला, तो भाग पुढचे यजमान लॉस एंजेलिसवाल्यांचा होता, पॅरिसचा नव्हेच. उलट इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम. तो कतारचाच अँबेसेडर होता, म्हणजे तिथं बिल खरंच यजमानाकडे जातं. किती ते मात्र विचारू नका, पेपरांनी १ कोटी पौंडांपासून १५ कोटी पौंडांपर्यंत काहीही छापलंय, आणि एवढा फरक असलेला आकडा मी तरी वहीत पेनने लिहीत नाही, पेन्सिलने लिहितो.

मानधनाच्या बातमीवर तसाही फार विश्वास ठेवू नका. लंडन २०१२ च्या उद्घाटनाला बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीसारखा माणूस गायला, आणि कलाकारांना मिळाला फक्त एक पौंड, तोही करार कागदावर पक्का व्हावा म्हणून. अमेरिकेत सुपर बोलच्या (त्यांच्या अमेरिकन फुटबॉलची फायनल) हाफटाइमला गाणाऱ्यांना वेगळी फी देतच नाहीत, स्टेज-लाइटचा खर्च आयोजक बघतात आणि गाणाऱ्याला फुकटात जगभर जाहिरात. म्हणजे 'अमक्याने इतके कोटी घेतले' ही बातमी आली की फी किती हे सोडा, आणि फेटा-जनरेटर-बाउन्सरचं बिल शोधा.

पण तेही शोधून हाताला काय लागतं बघा. लंडनचा तो अख्खा उद्घाटन सोहळा, राणी आणि जेम्स बाँड धरून, २ कोटी ७० लाख पौंडांचा. ऑलिम्पिकसाठी सरकारने ठेवलेले पैसे ९३० कोटी पौंड. भागाकार करा, शंभर रुपयातले २९ पैसे. कट्ट्यावर आम्ही तास तास ज्याच्यावर भांडतो ते हे २९ पैसे! आणि यजमानपद मागताना लंडनने सांगितलेला अंदाज २४० कोटी पौंड होता, तो जवळपास चौपट झाला, त्याच्यावर कुणी हाफ चहाएवढा वेळसुद्धा घालवत नाही.

म्हणून पुढचं पाऊल, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: घर कुणाचं गहाण आहे ते शोधा. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. मोठ्या स्पर्धेतही कुणीतरी असं घर गहाण टाकतंच, फक्त त्याला हमीपत्र म्हणतात. ऑलिम्पिकच्या करारात तोटा आला तर तो यजमानांनी भरायचा असतो. कॅनडातल्या माँट्रियलचे महापौर १९७६ च्या ऑलिम्पिकआधी म्हणायचे की पुरुषाला जसं मूल होणं शक्य नाही तसा ऑलिम्पिकला तोटा होणं शक्य नाही. तोटा झालाच, आणि त्याचं कर्ज फिटलं २००६ ला. तीस वर्षं लोक सिगारेटवर जादा कर भरत होते, ज्यांनी भरला त्यातल्या कित्येकांनी ते ऑलिम्पिक बघितलंही नसेल.

फुटबॉलचं तर आणखी सरळ आहे. तिकिटं, टीव्हीचे हक्क, स्पॉन्सर सगळं फिफाकडं, २०१९ ते २२ च्या चार वर्षांत फिफाने साडेसात बिलियन डॉलर कमावले. पोलीस, रस्ते, फॅन झोन मात्र यजमान शहराच्या माथी. २०२६ साठी टोरांटोचा सुरुवातीचा अंदाज होता ३ ते साडेचार कोटी कॅनेडियन डॉलर, आणि तो गेला ३८ कोटींवर, मॅच किती, तर सहा. एका मॅचला सव्वासहा कोटी डॉलर, आपले पावणेचारशे-चारशे कोटी रुपये धरा. शिकागोने मात्र फिफाच्या अटी वाचल्या आणि २०१८ मध्येच हात जोडले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ चं कॉमनवेल्थ घेतलं, खर्च २६० कोटी डॉलरवरून ६०० कोटींच्या पुढं जातोय म्हटल्यावर २०२३ ला चक्क परत केलं, भरपाई म्हणून ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले. लोक हसले, मला तर ते शहाणपणाचं वाटतं, सुपारी फुटली म्हणून लग्न केलंच पाहिजे असं कुठाय.

सगळेच बुडतात असं नाही हां. लॉस एंजेलिसने १९८४ ला २० कोटी डॉलरच्या वर शिल्लक काढली, कारण मैदानं बहुतेक आधीची होती आणि दुसरं कुठलंच शहर पुढं येत नव्हतं म्हणून अटी ह्यांच्या चालल्या. पॅरिसनेही ९५ टक्के जागा जुन्या किंवा तात्पुरत्या वापरल्या, तरी फ्रान्सच्या सरकारी ऑडिटवाल्यांनी सरकारी खर्च सहा अब्ज युरोच्या आसपास काढला. म्हणजे मैदान नवीन का जुनं, एवढं एक बघितलं तरी पुढचा अंदाज येतो.

आणि स्पर्धा संपल्यावर दोन-तीन वर्षांनी त्या मैदानाचा फोटो शोधायचा, हे विसरू नका. ब्राझीलची राजधानी ब्राझीलियात सुमारे ९० कोटी डॉलरचं स्टेडियम २०१४ च्या वर्ल्ड कपसाठी उभं राहिलं आणि वर्ल्ड कपच्या पुढच्याच वर्षी त्याच्या पार्किंगमध्ये सिटी बस लावत होते. तिथंच अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या मानाउस शहरात स्टेडियम बांधलं, वर्ल्ड कपच्या मॅच झाल्या चार. कतारचं कंटेनरचं स्टेडियम ९७४ निदान सुटं करून न्यायच्या हिशोबानं बांधलं होतं.

हे सगळं आता आपल्या दारात येतंय. २०३० चं कॉमनवेल्थ अहमदाबादला मिळालंय, २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने पत्र दिलंय. उद्घाटनाला कोण नाचणार ह्याच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतीलच, त्या फिरू द्या. तुम्ही काय करायचं, तर कॅगच्या वेबसाइटवर दिल्ली २०१० चा अहवाल फुकट आहे तो एकदा चाळायचा, म्हणजे कुठल्या खात्यात गळती होते ते कळतं. आणि नवीन स्पर्धेसाठी केंद्राच्या आरटीआय (माहिती अधिकार) पोर्टलवर क्रीडा मंत्रालयाच्या नावाने अर्ज टाकायचा, फी १० रुपये, उत्तर द्यायला ३० दिवस. 'किती खर्च झाला' असं मोघम विचारू नका, मोघम उत्तर येतं. हमीपत्राची प्रत मागा, तोटा झाला तर कोण भरणार ते कलम मागा, आणि मूळ अंदाज कुठल्या तारखेचा ते विचारा, कारण मध्येच सुधारित अंदाज काढून 'आम्ही बजेटमध्येच आहोत' म्हणायची पद्धत सगळ्या जगात आहे.

आमच्या तालमीचा हिशोब बघायला मात्र १० रुपये लागत नाहीत. संध्याकाळी सातनंतर या, वही वरच्या फळीवर असते, चपलेची दोन्ही बिलं आत पिनेला लावलेली आहेत, चहा तुमच्याकडून.